निगुऱ्याचा तुरा

वकिलांचा जलसा पुढे कधी भरला नाही. तो माझ्यामुळे बंद पडला, हे मी आजही आनंदाने सांगते.

माझे वडील, त्यांना मी आबा म्हणत असे, नागावच्या बाजूला एका वाडीत नारळी-पोफळी राखून होते. वाडी आमचीच, लहानशी. आई मी रांगत असताना गेली. त्यामुळे आबांनी मला वाढवलं ते रहाटाच्या कुरकुरीत आणि डफाच्या थापेत. आबा शाहीर होते. शाहिरांचे दोन पक्ष असतात, कलगीवाले आणि तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. आबा तुरेवाले. आंग्र्यांच्या अमलात आमच्या खापरपणजोबांचा फड समुद्राच्या वाळूत बसे आणि गलबतांवरचे खलाशी, कोळी, बाजारातले उदमी, सगळे उघड्यावर बसून ऐकत, असं ते सांगायचे. ती गाणी बापाकडून मुलाकडे येत आबांपर्यंत पोचली होती. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी ती मला दिली. पोफळींना पाणी लावताना आबा एक ओळ म्हणत आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाहून मी पुढची म्हणत असे.

जिल्ह्याच्या गावात एक वकील होते. वकिली चांगली चालायची, पण जीव जुन्या गोष्टींत. जुन्या तलवारी, जुनी नाणी, जुने कागद. एकोणीसशे तीसच्या आसपास त्यांच्या मनात आलं की दीडशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर जसा जाहीर जलसा होई, तसाच्या तसा आजच्या लोकांना दाखवायचा. तोच पोशाख, तीच बैठक, त्याच मशाली, तीच गाणी. कल्पना वाईट नव्हती. ते मी तेव्हाही म्हणत होते.

गाण्यांसाठी ते आमच्याकडे आले. पावसाळाभर दर रविवारी छकड्यातून येत, छत्री ओटीवर उलटी ठेवत आणि आबांसमोर मांडी घालून बसत. तेव्हा ते आबांना "शाहीरबुवा" म्हणायचे. मी आतून चहा आणून ठेवायचे. एकदा त्यांनी बाजाची पेटी आणली. आबा हसले.

"साहेब, तवा पेटी कुठं होती? ती सायबाची. आपल्याला डफ हाय, तुणतुणं हाय, झांज हाय. बास."

वकिलांनी पेटी परत नेली आणि पुढे सगळ्या गावाला सांगत सुटले की पेटी त्या काळी नव्हती, हे आपण शोधून काढलं.

आबांनी त्यांना सगळं दिलं. वादळात फुटलेल्या गलबताचा पोवाडा दिला, नारळीपुनवेची लावणी दिली, सवाल-जवाब दिले. सगळ्यांच्या आधी गुरुवंदन दिलं. शाहिराने पहिली थाप मारली की आधी आपल्या गुरूचं, मग गुरूच्या गुरूचं नाव घ्यायचं. ज्याला गुरूचं नाव सांगता येत नाही तो निगुरा, आणि निगुऱ्याला सभेत गायचा हक्क नाही. आबा हे सांगताना आवाज खाली आणत. वकील मान डोलवत.

"शाहीरबुवा, जलशाचे मुख्य तुम्हीच," ते जाताना दरवेळी म्हणायचे.

आबांनी त्या दिवाळीत डफाला नवं कातडं चढवलं.

जलशाच्या दिवशी आम्ही दुपारीच पोचलो. मांडव घातला होता. दाराशी एक माणूस येणाऱ्यांच्या मनगटावरची घड्याळं काढून घेत होता, कारण त्या काळी घड्याळं नव्हती. कारकून मंडळी भाड्याच्या पगड्या घालून एकमेकांकडे बघत होती. सोडावॉटर बंद, तांब्याच्या घंगाळातून पन्हं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, फक्त "शाब्बास" आणि "वाहवा" म्हणायचं, असं दोन-दोनदा सांगितलं जात होतं. मी तेव्हा सातवी फायनल होऊन पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून त्याच उन्हाळ्यात परत आले होते. मला ते सगळं बघून मौज वाटली. आबा तर लग्नघरी आल्यासारखे खुशीत होते.

वकील त्यांना बाजूला घेऊन गेले. मी शेजारीच होते, म्हणून मला शब्दन् शब्द ठाऊक आहे.

"अहो, ऐका. मुंबईहून नाटकातले एक गायक आणलेत. मोठमोठी मंडळी यायची आहेत, आवाज तयारीचा पाहिजे. मी त्यांना तुमच्या चाली बसवून दिल्यात."

"आनि मी?" आबांनी विचारलं.

"तुम्हालाही काम आहे. मशालजी व्हा. मशाल धरण्याची तुमची ढब अगदी अस्सल आहे. ती काही शिकवून येत नाही."

मी म्हणाले, "आबा, चला घरी."

आबा हलले नाहीत. ते कबूल करून आले होते, आणि कबूल केलेलं मोडणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या अंगात मशालजीची बंडी चढवली, हातात मशाल दिली आणि त्यांना गायकाच्या मागे उभं केलं. दिवेलागणीला जलसा सुरू झाला. गायकाने आबांचा पोवाडा आबांच्या चालीवर म्हटला. गुरुवंदन गाळलं होतं. लांबण लागते म्हणे. उंडीचं कढत तेल मशालीवरून आबांच्या मनगटावर गळत होतं आणि ते हात बदलत नव्हते. लोक सगळं विसरून टाळ्या वाजवत होते. शेवटी वकिलांनी उभं राहून सांगितलं, "ही गाणी मी जुन्या दप्तरांतून महत्प्रयासाने मिळवली."

मी स्त्रियांच्या बाजूला बसले होते. त्या क्षणी मी ठरवलं की ह्या माणसाला ह्याच मांडवात, ह्याच लोकांसमोर खाली बघायला लावीन. कसं, ते माहीत नव्हतं.

आबा घरी आले, मनगटाला खोबरेल लावलं आणि डफ खोपीत नेऊन ठेवला. नंतर ते गायले नाहीत. रागावले असते, रडले असते, तर मला हलकं वाटलं असतं. पाणी लावताना मी मुद्दाम ओळ टाकायचे. वाफ्याच्या त्या टोकाहून फक्त पाण्याचा आवाज यायचा.

"आबा, म्हणा की."

"घसा न्हाय राहिला, बाय."

घसा चांगला होता. बैलावर ओरडताना ऐकू यायचा.

पुढे मला जिल्ह्याच्या गावातच मुलींच्या शाळेत नोकरी लागली. वकील शाळेच्या कमिटीवर होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं होतं, निदान नजर चुकवतील. पण ते मोकळेपणी हसले.

"बाई, वडील कसे आहेत? मशाल फार छान धरली होती हं त्यांनी."

मीही हसले. "बरे आहेत. तुमची आठवण काढतात."

त्या दिवसापासून मी त्यांची सर्वांत आज्ञाधारक बाई झाले. कमिटीच्या सभेला चहा मी बघायचे. त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जाऊन त्यांच्या बायकोला नारळ द्यायचे, आमच्याच वाडीतले. ते जुन्या काळावर बोलू लागले की मी डोळे मोठे करून ऐकायचे. हे मी दोन वर्षं केलं, आणि मला त्याचा कंटाळा आला नाही. सूड मनात धरलेला असला की माणूस फार नीटनेटकं काम करतो. माझ्या वर्गाचा निकालही त्या दोन वर्षांत उत्तम लागला.

दुसऱ्या जलशाची बोलणी सुरू झाली तेव्हा वकील जरा नाराज होते. पुण्याच्या कुणा जाणकारांनी त्यांना म्हटलं होतं की तुमचा जलसा सुंदर, पण निर्जीव. माणसं नुसत्या टाळ्या वाजवत बसली होती, त्या काळची माणसं अशी बसत नसत.

"काय करावं, बाई?" त्यांनी मला सहज विचारलं.

मी पाटी पुसत होते. पुसायची थांबले नाही.

"त्या काळी म्हणे सवाल खुला असे. सभेतला कुणीही उठून शाहिराला सवाल टाकी. शाहीर हरला तर पगडीचा तुरा काढून देई."

"असं? हे कुठं वाचलंत?"

"म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंय."

त्यांचे डोळे चमकले. आठवड्याभरात ती त्यांची कल्पना झाली. जाहिराती छापून आल्या, त्यांत मोठ्या अक्षरांत होतं: 'सवाल खुला! हरल्यास शाहीर तुरा देईल!' ह्या खेपेला मुख्य शाहिराच्या पोशाखात ते स्वतःच बसणार होते. गायचं मुंबईच्या गायकाने, पण पगडी आणि तुरा वकिलांचा. आपल्या एका कारकुनाला त्यांनी सोपा सवाल पाठ करून दिला होता. त्याचा जवाबही तयार होता. हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास बसला होता.

जलशाच्या आदल्या रविवारी मी घरी गेले आणि आबांना म्हटलं, "ह्या खेपेला चला."

"कशाला?"

"वकिलांना सवाल टाकणार आहे."

त्यांनी पोफळीच्या मुळाशी पाणी वळवलं. "तू जा," म्हणाले. "मी न्हाय येनार. पन पहिली ओळ वरच्या सुरात नको घेऊस. बायामानसाचा आवाज मांडवात फाटतो."

तेवढंच बोलले. पण त्यांनी खोपीतून डफ काढला, चुलीच्या धगीवर कातडं तापवून ताणलं आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिला.

ह्या वेळी मशालींच्या धुराचा त्रास नको म्हणून जलसा दिवसाउजेडी होता. माणसं पहिल्यापेक्षा जास्त होती. रेवदंड्याकडून गलबतांचे मालक आले होते, कोळीवाड्यातली माणसं आली होती, मुंबईचे पाहुणे पुढे लोडांना टेकून बसले होते. वकील मध्ये पाटावर, गुलाबी अंगरखा, पगडीवर जरीचा तुरा. तो तुरा मान हलवली की थरथरायचा आणि ते मान पुष्कळ हलवत होते. पोवाडा झाला. मग त्यांनी हात वर करून म्हटलं, "सवाल खुला आहे!"

त्यांचा कारकून उठायच्या आत मी उठले. डफावर थाप मारली.

त्या काळात शाळेतली बाई जाहीर सभेत डफ घेऊन उभी राहते, ही काय गोष्ट होती, ते आज कळणार नाही. माझ्या शेजारच्या बाईने माझ्या पदराला धरून मला खाली ओढलं. मी पदर सोडवला आणि गायले. खालच्याच सुरात.

"सभा भरली, डफ वाजला, तुरा शिरी डोले,
सांग शाहिरा, गुरू कोण तो, ज्याचे बोल तू बोले?"

मग मागून कोळीवाड्याच्या बाजूने एकजण ओरडला, "व्वा, बाय!"

वकील दचकले होते. पण ते कोर्टात उभे राहणारे. लगेच सावरले आणि पाहुण्यांकडे बघत म्हणाले, "छान! उत्तम सवाल. माझा गुरू म्हणजे जुने कागद. त्यांतूनच मी सारं शिकलो."

पाहुण्यांनी मान डोलावली. मला हेच उत्तर हवं होतं. मी दुसरी थाप मारली.

"कागदावरी अक्षर बसते, सूर बसेना त्यावरी,
कुणी पाजला सूर तुला तो, बसुनी कुण्या ओटीवरी?"

आता हशा पिकला. जिल्ह्यात आबांची गाणी ऐकलेली माणसं पुष्कळ होती. त्यांनी पहिल्या जलशात ती ओळखली होती, आबांना मशाल धरून उभं असलेलंही पाहिलं होतं, आणि घरी जाऊन गप्प बसली होती. ती आता मान उंच करून वकिलांकडे बघू लागली.

"बाई, खाली बसा," वकील हलक्या आवाजात म्हणाले. "शाळेची काही मर्यादा आहे."

"मी शाळेत नाही उभी. सभेत आहे. जवाब द्या, नाहीतर तुरा द्या."

ते हसायचा प्रयत्न करू लागले. "हा एक खेळ आहे, मंडळी..."

तेव्हा रेवदंड्याचे एक वृद्ध नाखवा उठले. मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, तीन गलबतांचे मालक. मी त्यांना ओळखत नव्हते, त्यांनाही मी माहीत नव्हते.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "शर्त तुमची. कागदावर तुम्हीच छापली, आम्ही ती वाचून आलो. आता बाईंना जवाब द्या. उस्तादचं नाव घ्यायला कसली शरम?"

"नाव घ्या!" मागून आवाज आले. "नाव घ्या!"

वकिलांनी गायकाकडे पाहिलं. गायक बिचारा घाबरला आणि मोठ्याने म्हणाला, "मला तर ह्यांनीच शिकवलं." त्याने पुन्हा हशा झाला.

खरं सांगायचं तर त्यांना सुटका सोपी होती. आबांचं नाव घ्यायचं, दोन गोड शब्द बोलायचे, की मांडवाने त्यांनाच डोक्यावर घेतलं असतं. मी डफ छातीशी धरून उभी होते आणि मनात एकच म्हणत होते, नाव घेऊ नकोस. घेऊ नकोस. मला न्याय नको होता. मला त्यांची पगडी वाकलेली बघायची होती.

त्यांचे ओठ एकदा हलले. मग त्यांनी समोरच्या पाहुण्यांकडे पाहिलं आणि ओठ मिटले. दप्तरांतून मिळवली म्हणून ज्यांना सांगितलं, त्यांच्यासमोर वाडीवाल्याचं नाव घेणं त्यांना जमलं नाही. त्यांनी तुऱ्याला हात घातला. तो टाचणीने घट्ट बसवलेला होता, निघेना. ओढता ओढता पगडीच हातात आली. उघडं डोकं, अंगात तो गुलाबी अंगरखा, अशा अवस्थेत ते मांडवभर लोकांसमोर पाटावर बसून टाचणी शोधत राहिले. कुणी पुढे झालं नाही. त्यांचा कारकूनही नाही.

मी पुढे गेले आणि हात पसरला. तुरा माझ्या हातात ठेवताना ते म्हणाले, "तुम्ही माझ्याशी बोलायला हवं होतं."

"दोन वर्षं तुमच्याशी रोज बोलत होते," मी म्हटलं.

जिंकणाऱ्याने गावं, ही रीत. मी गुरुवंदन गायले. आबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्याही वडिलांचं, थेट वाळूत फड मांडणाऱ्या खापरपणजोबांपर्यंत. म्हाताऱ्या नाखवांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून माझ्याकडे दिली. "ही वडिलांना," म्हणाले. टाळ्या वाजवू नका हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आबा दारातच उभे होते. मी शाल दिली, ती त्यांनी घडी न मोडता आत ठेवली. तुरा दिला, तो नखाने खरवडून बघितला.

"जरतार खोटी हाय," म्हणाले. मग ओटीवर बसले. "त्याचं तोंड कसं झालं व्हतं?"

मी सांगितलं. पगडी कशी निघाली, टाचणी कशी सापडेना. आबा एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मी पाणी आणलं, पाणी पिऊन पुन्हा हसले.

"परत सांग. टाचनीपासून सांग."

पुढे कित्येक दिवस जेवण झालं की ते मला टाचणीपासून सांगायला लावायचे. ते गायला लागले का? हो, पण वाडीपुरतं. सभेत पुन्हा उभे राहिले नाहीत. वकिलांनी जे मोडलं ते माझ्याच्याने सगळं सांधलं गेलं नाही, आणि म्हणूनच वकिलांबद्दल माझं मन कधी मऊ झालं नाही.

कमिटीने माझ्यावर ठपका ठेवला: जाहीर सभेत डफ घेऊन अशोभनीय वर्तन. माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शेव्याला झाली. मिठागरांचं गाव, प्यायच्या पाण्याची मारामार, शाळा म्हणजे एक खोली. मुलं आगरी, बापांबरोबर मिठाच्या वाफ्यांत राबून पायांना भेगा पडलेली. मला ती जागा आवडली. आबा वर्षातून दोनदा यायचे आणि मुलांना शाळेच्या ओसरीवर पोवाडे म्हणायला शिकवायचे. कमिटीतलं कुणी तिथवर बघायला येत नसे.

आबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी रेवसहून मुंबईच्या लाँचमध्ये बसले होते. समोरच्या बाकावर वकील. थकले होते, काठी आली होती. गावात त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना काय म्हणत, ते मला ठाऊक होतं. पोरंसुद्धा "निगुरा आला" म्हणायची. ते ऐकून त्यांनी जलसे सोडले होते, आणि आता मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. दुसरीकडे जागा होती. मी उठले नाही. सबंध प्रवासभर मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

धक्का दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, "वडील?"

"गेले."

काठीच्या मुठीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "त्या दिवशी मी नाव घ्यायला हवं होतं. मला वाटतं ते, अधूनमधून."

"घेतलं नाहीत, ते फार बरं केलंत," मी म्हटलं. "घेतलं असतंत तर मला तुम्हाला माफ करावं लागलं असतं."

लाँच धक्क्याला लागली. हमाल आत घुसले, माणसं उतरू लागली. मी आधी उतरावं म्हणून ते थांबून राहिले होते. मी माझं बोचकं मांडीवर घेतलं आणि बसून राहिले, शेवटी तेच उठेपर्यंत.